श नसलेलं नाव

फोन आला तेव्हा थोरली दुकानात एका शाळेच्या युनिफॉर्मची शिवण उसवत बसली होती. पलीकडून धाकटी बहीण बोलत होती. तिची मुलगी नऊ दिवसांची झाली होती. लग्नाला बारा वर्षं उलटून, सगळ्यांनी आशा सोडल्यावर झालेली मुलगी. जन्मनोंदणीचा फॉर्म सोमवारी द्यायचा होता आणि नावाचा रकाना अजून कोरा होता.

"ताई, नाव ठरलं," धाकटी म्हणाली. "इलाई."

थोरलीला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"अगं, ते माझ्या लेकीचं नाव आहे."

"माहितीये. मावशी आहे मी तिची."

"मग?"

"मग काही नाही. मला तेच ठेवायचंय. पण आधी तुला विचारावं म्हटलं. तू नाही म्हणालीस तर नाही ठेवणार."

'विचारावं' या शब्दावर तिने जरा जास्तच जोर दिला, असं थोरलीला उगाच वाटलं. "बघू, रविवारी येतेच आहे," म्हणून तिने फोन ठेवला आणि त्याच तिरीमिरीत उसवायची नव्हती ती शिवणही उसवून टाकली.

दुकान वडिलांचं होतं. समोर काच, आत कपडे कापायचं लांब टेबल, दोन मशीन, खुंटीला लटकणारी टेप आणि मागच्या कोपऱ्यात स्टुलावर काजं करणारे काका. काका वडिलांच्या वेळेपासूनचे. आयुष्यभर काजं करून डोळे अधू झालेले, पण कान शाबूत. थोरलीच्या मते गरजेपेक्षा जास्तच शाबूत. त्यांना फोनवरचं सगळं ऐकू गेलं होतं.

"एका घरात दोन-दोन इलाई," थोरली फणकारली. "हाक मारली की दोघी धावत येणार, नाहीतर एकही येणार नाही. नावांचा काय दुष्काळ पडलाय का?"

काकांनी दाताने दोरा तोडला.

"दोन कुठल्या? तीन," ते म्हणाले.

थोरलीने युनिफॉर्म पुन्हा पुढ्यात ओढला. तिला ठाऊक होतं ते काय म्हणताहेत.

त्याचं असं झालं होतं. धाकटी अडीच वर्षांची होती तेव्हा तिला श म्हणता यायचा नाही. शाळा म्हणजे आळा, शर्ट म्हणजे अर्ट आणि शिलाई मशीन म्हणजे इलाई. दुपारभर ती या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून असायची. वडिलांचे पाय मशीनच्या पायट्यावर हलायचे थांबले की खालून हुकूम सुटायचा, "इलाई." म्हणजे मशीन चालवा. वडिलांना या हुकमाचं इतकं कौतुक, की थोड्याच दिवसांत त्यांनी पोरीलाच इलाई म्हणायला सुरुवात केली. इलाई, खडू दे. इलाई, झोपलीस का गं? आणि टेबलाखालून लांबलचक "ओऽ" यायचं. गिऱ्हाइकं मापं द्यायची सोडून हसत उभी राहायची. पुढे तिला श नीट यायला लागला, शाळेत तिचं खरं नाव लागलं, ती कॉलेजात गेली, तरी वडिलांची हाक काही बदलली नाही.

थोरली तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिला सगळी अक्षरं पहिल्यापासून स्वच्छ म्हणता यायची. त्यामुळे लाडाचं नाव काही तिच्या वाट्याला आलं नाही. वडील तिला 'थोरले' म्हणायचे. मोठी कात्री तिच्याच हातात द्यायचे, गिऱ्हाइकांना सांगायचे, हिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. ते सगळं खरं होतं. पण एका वेड्यावाकड्या नावासाठी तिने ती कात्री आनंदाने देऊन टाकली असती. ही गोष्ट ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती.

वडील गेले त्या वर्षी दुकानात मशीन चालायची, पण कुणी कुणाला हाक मारायचं नाही. धाकटी नोकरीसाठी परगावी. दहा महिन्यांनी थोरलीला मुलगी झाली. दवाखान्यातला क्लार्क फॉर्म घेऊन उभा राहिला आणि थोरलीच्या तोंडून ते नाव निघून गेलं. संध्याकाळी तिने बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून तिने ते नाव पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग धाकटी म्हणाली, "छान आहे." थोरलीने ते 'छान आहे' घाईघाईने पदरात पाडून घेतलं आणि विषय बदलला.

लेक शाळेत जायला लागल्यावर बाईंनी नावाचा अर्थ विचारला. थोरलीने ठोकून दिलं, एका जुन्या भाषेत इलाई म्हणजे पहाट. ती लोणकढी थाप इतकी चालली की लेकीने पाचवीत 'माझे नाव' या विषयावर निबंध लिहून बक्षीसही मिळवलं. इतक्या वर्षांत थोरलीचा स्वतःचाही त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता.

"तेव्हा तू विचारलं होतंस का तिला?" काकांनी सुई ओवता ओवता विचारलं.

"बाळंतीण होते मी, काका."

"हं. आत्ता तीही बाळंतीणच आहे. तिने विचारलं."

थोरलीने मशीन सुरू केली, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

रविवारी ती लेकीला घेऊन बहिणीच्या घरी गेली. पिशवीत मलमलीची आठ झबली होती, प्रत्येकाच्या शिवणीत बोटभर माया राखलेली. शिवणीच्या आत सोडलेल्या त्या जास्तीच्या कापडाला शिंपी मायाच म्हणतात. अंग वाढलं की शिवण उसवायची आणि कपडा सैल करायचा. कपड्यात माया ठेवायला थोरली कधी चुकली नाही. माणसांच्या बाबतीत मात्र ती बरोबर मापावर कापायची. पर्समध्ये बावीस नावांची यादीही होती.

लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत खुर्च्यांच्या पाठींवर दुपटी वाळत पडली होती. धाकटी उशांना टेकून बसली होती, मांडीवर बाळ, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. थोरलीने झबली दिली आणि लगोलग यादी पुढे केली.

"बघ, एकापेक्षा एक सरस आहेत."

धाकटीने बावीसच्या बावीस नावं वाचली, कागदाची नीट घडी घातली.

"छान आहेत," ती म्हणाली.

तो स्वर थोरलीने अचूक ओळखला. फोनवर चौदा वर्षांपूर्वी ऐकला होता तोच.

"मावशी, माझंच नाव का हवंय तुला?" लेकीने बाळाचं बोट धरत विचारलं. ती रागावलेली नव्हती, तिला खरंच कुतूहल होतं. "पहाट इतकी आवडते?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. ती काही बोलणार नव्हती. इतकी वर्षं बोलली नव्हती, आजही पोरीसमोर बहिणीला खोटं पाडणार नव्हती. थोरलीला त्या गप्प बसण्याचीच लाज वाटली.

"त्याचा अर्थ पहाट नाही," ती म्हणाली.

"मग?"

"शिलाई मशीन."

लेक दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. "माझं नाव शिलाई मशीन आहे?"

"मावशीला लहानपणी श म्हणता येत नव्हता. ते तिचं नाव होतं. आजोबा तिला त्या नावाने हाक मारायचे."

"आणि माझं बक्षीस?"

"ते परत मागायला कुणी येत नाही," धाकटी म्हणाली, आणि लेक खो-खो हसत सुटली. बाळ दचकलं, धाकटीने त्याला थोपटलं. मग थोपटत थोपटतच, बाळाकडे बघत ती बोलायला लागली.

"बाबा गेले तेव्हा वाटलं, आता ताई तरी म्हणेल मला इलाई. तू म्हणालीस, पण पाळण्याकडे बघून. मी सुट्टीत यायचे, तू हाक मारायचीस, आणि दरवेळी मी वळून बघायचे. मग हळूहळू वळायचं बंद केलं. परवा हिला पहिल्यांदा हातात दिलं ना, तर तोंडातून तेच निघालं. काय करू?"

"मला हेवा वाटायचा तुझा," थोरली म्हणाली. इतक्या वर्षांनी ते बोलताना तिचा आवाज दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला. "मला बाबांनी कधी असं नावच ठेवलं नाही."

"तुला नावं ठेवणारी मी होते की घरात."

थोरलीला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही फुटलं. धाकटीचं तर आधीच सुरू झालं होतं. दोघींची ही अवस्था पाहून लेकीने शहाणपणाने टेबलावरचा फॉर्म ओढला, पेन शोधलं आणि टोपण काढून ती वाट बघत बसली.

"इलाई," थोरलीने हाक मारली.

"काय गं आई?"

"तू नाही."

धाकटीने मान वर केली. छत्तीस वर्षांची बाई, केस विस्कटलेले, खांद्यावर दुधाचे डाग. पंधरा वर्षांनी ती हाक पुन्हा तिच्यासाठी होती.

"ओ," ती म्हणाली.

"बाळाचं नाव तेच राहू दे. पण तुला एक विचारायचं राहून गेलं," थोरली म्हणाली. "तुझं ते नाव माझ्या लेकीला ठेवू का?"

धाकटीने बाळाला उराशी धरलं, फॉर्मवर पेन टेकवून थांबलेल्या भाचीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"ठेव," ती म्हणाली. "घरातलंच आहे."