पेंढ्याच्या पोटाचं रेडकू

मी एक जुनं रेडकू आहे. म्हशीचं पिल्लू जुनं कसं असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, मित्रांनो. जिवंत असतो तर मी एव्हाना चांगला दांडगा रेडा झालो असतो. पण माझ्या पोटात भाताचा पेंढा आहे, पायांत बांबूच्या काठ्या आहेत आणि गळ्यापासून शेपटीपर्यंत सुतळीची शिवण आहे. डोळ्यांच्या जागी आमच्या गवळ्याच्या जुन्या शर्टाची काळी बटणं आहेत. पावसाळ्यात मला जरा कुबट वास येतो. तेवढं सोडलं तर माझी तब्येत उत्तम असते.

माझा जन्म जोगेश्वरीच्या एका तबेल्यात झाला. पुढे उंच उंच इमारती, मागे डोंगर आणि मधे आम्ही. देशाची शेती सरकार, शेतकरी आणि खाजगी धंदा हे तिघे मिळून चालवतात, असं तुम्हाला शाळेत शिकवत असतील. ते अगदी खरं आहे. मी त्या तिघांचंच अपत्य आहे.

माझी आई मोगरी ही तबेल्याचे मालक धवलशेठ यांची म्हैस. दूध आटलं की ती पालघरला दशरथ नावाच्या शेतकऱ्याकडे जायची. तो तिला गवतावर पोसायचा, गाभण करवून घ्यायचा आणि विण्याआधी परत पाठवायचा. कृत्रिम रेतन सरकारी असायचं. माझे वडील म्हणजे थंड डब्यातली एक नळी. त्यांची-माझी भेट झाली नाही. मी जन्मल्यावर सरकारी पशुअधिकारी इरावती मॅडम आल्या आणि माझ्या कानात पिवळा बिल्ला ठोकून गेल्या. धवलशेठ दूध काढून अंधेरीला विकू लागले. अशी तिघांनी कामं वाटून घेतली होती. मला दूध पाजायचं काम तेवढं कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

मी नर होतो, हेही सांगायला हवं. मादी असतो तर थोडं मिळालं असतं. मला आईपासून चार हात लांब बांधलं होतं. तिथून तिची कास स्पष्ट दिसायची. काही दिवस मी हंबरलो, मग बसून राहिलो, मग आडवा झालो. आडवं होण्याला लोक आजार म्हणतात.

मी गेलो आणि मोगरीने पान्हा आवरून धरला. तेव्हा आमचा गवळी गुणाजी याने मला सोललं, मीठ लावून वाळवलं, आत पेंढा कोंबला आणि दाभणाने शिवून टाकलं. मित्रांनो, आयुष्यात माझं पोट पहिल्यांदा भरलं ते असं.

तिथून माझ्या नोकरीला सुरुवात झाली. पहाटे आणि दुपारी गुणाजी माझ्या पाठीवर मिठाचं पाणी चोळायचा आणि मला आईसमोर उभं करायचा. ती मला चाटू लागली की तिच्या सडांत दूध उतरायचं. धवलशेठ पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे. "असा कामगार शोधून मिळणार नाही," ते म्हणायचे. "खात नाही, हगत नाही, गावाला जात नाही." मला अभिमान वाटायचा. आई मला मिठासाठी चाटते की माझ्यासाठी, याचा विचार मी मुद्दामच केला नाही.

मग मोगरीचं दूध कमी होऊ लागलं. शेठनी दशरथला बोलावून घेतलं.

"या वेळी लवकर ने रे हिला."

"कुठे नेऊ, शेठ? माझ्या गवताच्या माळावर गोदाम झालं ना आता. तुम्हीच तर गिऱ्हाईक आणलं होतं."

"अरे हो," शेठ म्हणाले. "विसरलोच."

म्हणजे आता एकच रस्ता उरला होता, चेंबूरच्या पलीकडे कत्तलखान्याकडे जाणारा. तिकडे गेलेली म्हैस परत येत नाही. भाकड होणाऱ्या जनावराला कशाला घालायची म्हणून तिची सरकी पेंड बंद झाली, मग वैरणही निम्मी झाली.

आणि नेमकं तेव्हाच सरकारने एक बक्षीस जाहीर केलं: आदर्श दुग्ध भागीदारी. सरकार, शेतकरी आणि व्यावसायिक यांनी मिळून सांभाळलेली म्हैस आणि तिचं रेडकू दाखवायचं. बक्षीस मिळालेली म्हैस पुढच्या वेतापर्यंत विकता येणार नाही, अशी अट होती. शेठना फलक हवा होता, दशरथला फोटो. मला आई हवी होती. फक्त पंधरा मिनिटं मला जिवंत दिसायचं होतं. इतके महिने मेल्यासारखा उभा राहिलो होतो, हेही जमलं असतं.

तपासणीच्या दिवशी घोळ झाला तो पाहुणचाराच्या हौसेने. धवलशेठच्या पत्नी पद्मजाताई सकाळीच तबेल्यात आल्या. "शी, किती घाण वास मारतोय याला," म्हणत त्यांनी मला शाम्पूने खसाखसा धुवून काढलं, मोगऱ्याची पावडर लावली आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. गुणाजी मागून कुरकुरत होता, "वहिनीनू, त्याचा मीठ जातला." ताई म्हणाल्या, "बरं झालं, गेलं तर."

इरावती मॅडम आल्या. लांबूनच त्यांनी आम्हाला बघितलं.

"रेडकू फार शांत आहे हो."

"लहानपणापासून," शेठ म्हणाले.

"वाढ मात्र दिसत नाही."

"ठेवणच तशी आहे, मॅडम. आईवर गेलंय."

मॅडमनी लस टोचली. मी हललो नाही. त्यांनी शाबासकी दिली, मला नव्हे, दशरथला. मग सगळ्यांना उभं करून त्या बोलल्या, की शासन मार्ग दाखवतं, शेतकरी घाम गाळतो, उद्योग बाजार मिळवून देतो आणि म्हणून हे गोजिरवाणं पिल्लू आज आपल्यासमोर उभं आहे. टाळ्या झाल्या. फोटोसाठी मोगरीला पुढे आणलं. आता तिने मला चाटायचं होतं.

तिने मला हुंगलं. मीठ नव्हतं, मी नव्हतो, नुसती पावडर होती. तिने मान फिरवली. गुणाजीने तिचं तोंड धरून परत माझ्याकडे वळवलं, तशी तिने डोक्याने मला ढकललं. मी कोसळलो. धुण्याने सैल झालेली शिवण उसवली आणि माझं पोट जमिनीवर सांडलं.

मोगरीने खाली पाहिलं. किती दिवसांची उपाशी होती ती. ती खाऊ लागली.

मग मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

"रेडकू माझं नाही," दशरथ म्हणाला. "मी फक्त म्हैस गाभण करून दिली."

"रेतन सरकारी होतं," शेठ म्हणाले.

"बिल्ला मारला तेव्हा जिवंत होतं," मॅडम म्हणाल्या. "पुढचं पाळणाऱ्याने बघायचं."

तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. मग तिघांनीही मोगरीकडे पाहिलं. तिच्या तोंडात अजून पेंढा होता.

"काय आई आहे ही," पद्मजाताई म्हणाल्या.

त्यावर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं. दोष म्हशीचा होता. तिला मायाच नाही, असं ठरलं. दुसरी म्हैस आणल्यास पुढच्या वर्षी विचार करू, असं मॅडम म्हणाल्या. मोगरी प्रवासाला योग्य असल्याचा दाखला त्यांनी तिथेच दिला. दशरथचा टेम्पो रिकामाच होता. गिऱ्हाईक शेठनी फोनवर पक्कं केलं. इतकी चोख वाटणी मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुपारी तिला बाहेर काढलं. मी दाराशी पडलो होतो, नुसतं कातडं आणि चार काठ्या. ती थांबली. दोरी ताणली गेली तरी हलेना. मग तिने मान खाली घातली आणि माझा बिल्ल्याचा कान चाटला. मग कपाळ. मग परत कान.

"मीठ नाय हा गो त्येका," गुणाजी हळूच म्हणाला.

ती चाटतच राहिली, आणि तिच्या कासेतून दूध ठिबकू लागलं.

शेठना ते दिसलं. "अरे, पान्हा सोडलाय तिने. बघतोस काय? बादली आण."

गुणाजीने बादली आणली. आधी त्याने ती स्वच्छ विसळली, त्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं. मग तो खाली बसला आणि त्याने शेवटच्या थेंबापर्यंत दूध काढलं. नंतर टेम्पोचं फळकूट लावलं. ते दूध संध्याकाळी अंधेरीला गेलं. चहा चांगला झाला असेल.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल आणि कशा ना कशाची वाटणी करायला बसाल. कुणी काय करायचं हे ठरलं, की उठण्याआधी एकदा चार हात लांब बघा. तिथे कुणीतरी बांधलेलं असतं.

मला आता नवा पेंढा भरला आहे. समोर नवी म्हैस आहे. तिलाही नरच झाला होता, त्याचं कातडं नीट निघालं नाही म्हणून मीच उभा राहतो. ती अजून मला तोंड लावत नाही, आणि तिची पेंड कालपासून बंद आहे. कधी जोगेश्वरीला आलात तर माझी एवढी काळजी घ्या, येताना मूठभर मीठ आणा.