मोठ्यानं मागायचा नियम

चष्म्याच्या दुकानात आतल्या अंधाऱ्या खोलीत बसून तो लोकांचे डोळे तपासायचा. "आता नीट दिसतंय, की आता?" असं म्हणत दिवसभर भिंगं बदलायची. कुणाला लांबचं दिसत नाही, कुणाला जवळचं, हे त्याला दोन मिनिटांत कळायचं. घरी आला की मात्र सगळा आनंदीआनंद. बायको म्हणायचीच, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायचा पगार मिळतो यांना. स्वतःच्या मुसळाला सुट्टी."

बायको गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. शिकणारा गोंधळला की ती तो दाबायची आणि शांतपणे म्हणायची, "आता पुन्हा." संसारात तशी सोय नसते, हे तिचं मोठं दुःख. कारण ब्रेक लागायला हवा होता तो नवऱ्याच्या ब्लॉगला.

धाकटी पाळण्यात होती तेव्हा या गृहस्थाला साक्षात्कार झाला की आपला संसार जगाला दाखवण्यासारखा आहे. झालं! 'चार भिंती, एक श्रद्धा' असं नाव ठेवून त्यानं लिहायला सुरुवात केली. दर रविवारी सकाळी एक लेख, अंगात आलंच तर बुधवारी आणखी एक. वाचक दोनशे बारा. हा आकडा त्याला तोंडपाठ होता. धाकटी कितवीत आहे, हे मात्र बायकोला विचारावं लागायचं.

आता लेख म्हटला की कच्चा माल लागतो. तो मिळायचा संध्याकाळच्या प्रार्थनेतून. साडेसातला, जेवणाआधी, चौघांनी टेबलाभोवती बसायचं, डोळे मिटायचे आणि देवाजवळ जे मागायचं ते मोठ्यानं मागायचं. मनातल्या मनात मागितलेलं चालणार नाही. नियम त्याचाच. मोठ्यानं मागितलं की श्रद्धा पक्की होते, असं तो सांगायचा. अहो कसली श्रद्धा! मनातलं लिहून घेता येत नाही, एवढंच. तिघांचे डोळे मिटलेले असायचे आणि याचे अर्धे उघडे, मांडीवर वही, हातात पेन्सिल. स्वतः तो कधी काही मागायचा नाही. शेवटी "चला, जेवायला वाढा" एवढंच म्हणायचा.

बायकोनं एकदा सासूबाईंचा मुक्काम लवकर हलू दे, असं मागितलं. रविवारी सासूबाईंनी ते चहा पिता पिता वाचलं. मुक्काम हलला खरा, पण कसा हलला ते विचारू नका. तेव्हापासून बायकोनं कानाला खडा लावला. रोज एकच वाक्य, "देवा, सगळ्यांना सुखी ठेव." थोरला मुलगा सोळा वर्षांचा, त्याचं त्याहून आखूड: "देवा, चाललंय ते चालू दे." त्यानं कधीकाळी एका मुलीबद्दल काहीतरी मागितलं होतं आणि पुढचे दोन महिने वर्गातली पोरं त्याला 'भक्त' म्हणून हाका मारत होती.

राहिली धाकटी. ती नऊ वर्षांची, आणि ती खरोखर मागायची. देव समोरच्या खुर्चीवर बसलाय अशी. मागच्या वर्षी शाळेची मुक्कामाची सहल होती, त्याआधी तिनं डोळे घट्ट मिटून मागितलं, "देवा, तिकडे माझं अंथरूण ओलं होऊ देऊ नकोस. घरी झालं तर चालेल."

याची पेन्सिल धावत सुटली. 'निरागस प्रार्थना' या नावानं रविवारी सकाळी आठला ते दोनशे बारा घरांत पोचलं. सोमवारी शाळेत कुणीतरी धाकटीच्या बाकावर प्लॅस्टिकची चादर घडी घालून ठेवली. ती सहलीला गेली नाही.

"पोरीची लाज चव्हाट्यावर मांडलीत तुम्ही," बायको म्हणाली.

"मी नाव कुठं घातलंय? 'धाकटी' एवढंच लिहिलंय."

"किती धाकट्या आहेत तुम्हाला?"

पण पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवसापासून धाकटी प्रार्थनेला बसायची, हात जोडायची, डोळे मिटायची आणि नुसते ओठ हलवायची. यानं काय करावं? त्यावरही लेख लिहिला. 'मौनाचं सामर्थ्य.' खाली वाचकांनी लिहिलं, 'किती खोल!', 'डोळे पाणावले.' पाणावलेले डोळे त्यानं मोजले. एकोणीस जोड्या भरल्या.

तर अशा थाटात चारशे नव्व्याण्णव लेख झाले आणि पाचशेवा येऊन ठेपला. यानं आधीच डांगोरा पिटून ठेवला होता: 'येत्या रविवारी पाचशेवा लेख. माझं कुटुंब देवाजवळ काय मागतं?' आणि वहीत काय होतं? 'सगळ्यांना सुखी ठेव' आणि 'चाललंय ते चालू दे', आठवडाभराचं. एवढ्यावर पाचशेवा लेख कसा उभा राहणार? जाहिरात लग्नाची आणि मांडवात दोन खुर्च्या!

शनिवारी संध्याकाळी तो धाकटीकडे वळला. "आज तू मोठ्यानं मागायचं बरं का. देवाला ऐकू यायला हवं."

"त्याला ओठ कळतात," धाकटी म्हणाली.

"नियम म्हणजे नियम. सगळ्यांनी मोठ्यानं मागितल्याशिवाय आज जेवण नाही."

बायकोनं टेबलाखाली पाय दाबला. ब्रेक नव्हता. गॅसवरचं उतरवून ठेवलेलं जेवण गार होत होतं, थोरला घड्याळाकडे बघत होता. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. शेवटी धाकटीनं हात जोडले, डोळे मिटले आणि वर्षभरानंतर तोंड उघडलं.

"देवा, तू बाबांचा ब्लॉग वाचतोस का? वाचत असशील तर माझं सगळं तुला माहीतच आहे. आणि वाचत नसशील तर वाचू नकोस. माझं मागणं संपलं."

कुणी हसलं नाही. थोरलासुद्धा नाही. बायको उठली आणि ताटं वाढू लागली.

आणि याला काय झालं असेल? वाईट वाटलं? छे हो! आधी आनंद झाला. इतकं सरळ, इतकं धारदार वाक्य चारशे नव्व्याण्णव लेखांत आलं नव्हतं. हात शिवशिवायला लागले. कसेबसे चार घास गिळून तो लॅपटॉपपाशी जाऊन बसला. शब्द न् शब्द उतरवून घेतला. मथळाही सुचला, 'देव माझा वाचक आहे का?' आता राहिलं काय, तर तळाशी जुन्या लेखाचा दुवा द्यायचा, म्हणजे नव्या वाचकाला अंथरुणाचा संदर्भ लागेल. म्हणून त्यानं 'निरागस प्रार्थना' उघडली.

खाली एक्केचाळीस प्रतिक्रिया होत्या. त्यातल्या कौतुकाच्या तेवढ्या त्याला पाठ होत्या. पस्तिसावी कुणा आईची होती: 'आमची मुलगी तुमच्या मुलीच्या वर्गात आहे. चादर तिनं ठेवली. मी तिला रागावले. तुमची मुलगी मधल्या सुट्टीत कपाटामागे बसून रडत होती म्हणे. आम्हाला माफ करा.'

त्याखाली त्याचं स्वतःचं उत्तर होतं: 'वाचल्याबद्दल आभार! असाच लोभ असू द्या.' पुढे जोडलेले दोन हात.

त्यानं ते वाचलं. परत वाचलं. आपण हे कधी लिहिलं, त्याला आठवेना. कपाटामागे कुठं बसते ही? कुठलं कपाट? पोरीनं एक वर्ष तोंड मिटून ठेवलं होतं आणि त्याला त्यात सामर्थ्य दिसलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. नवा लेख त्यानं पुसून टाकला. मग तो जुना पुसला. मग मौनाचा पुसला. एकोणीस जोड्या डोळ्यांसकट.

रविवारी पाचशेवा लेख आला नाही. दोनशे बारांपैकी एकाचा फोन आला, तोही दुकान सोमवारी किती वाजता उघडतं ते विचारायला.

संध्याकाळी साडेसातला चौघे टेबलाभोवती बसले. वही नव्हती. बायको म्हणाली, "देवा, सगळ्यांना सुखी ठेव." थोरला म्हणाला, "चाललंय ते चालू दे." धाकटीनं ओठ हलवले, आणि तिला कुणी टोकलं नाही. वाढायची वाट बघत सगळे बसून राहिले.

"आज तुमचीही पाळी," बायको म्हणाली. "नऊ वर्षं चुकवलीत."

त्यानं डोळे मिटले आणि घसा खाकरला. "हे परमेश्वरा, आजच्या या धकाधकीच्या जीवनात..."

"मथळा काय देऊ?" थोरल्यानं विचारलं.

त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडला. जे मागायचं होतं ते या तिघांसमोर तोंडातून निघेना. शेवटी हात जोडून त्यानं नुसते ओठ हलवले.

"बाबा, मोठ्यानं," धाकटी म्हणाली. "नियम आहे."

"लाज वाटते गं."

धाकटीनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची ओढत जवळ आली आणि कान पुढे केला. "माझ्या कानात सांगा. मग जेवूया."

त्यानं सांगितलं. बराच वेळ सांगत होता. धाकटी दोनदा मान हलवून "हं" म्हणाली.

काय सांगितलं म्हणून थोरल्यानं तिला जेवताना विचारलं, नंतर परत विचारलं. भांडी आवरताना बायकोनंही विचारून पाहिलं. धाकटीनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.