चंद्राची पाठ

“आजबी ताटं तशीच वापस आली ना नीलाबाई, त उद्यापासून दुसरी बाई पाहा लागन मले,” अधीक्षक स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले. आत यायला तेही कचरत होते, पण कबूल कशाला करतील?

“माह्या हातच्या जेवणात काई खोट हाय का साहेब?”

“जेवणात नाई. पोट्ट्या तुमाले भेऊन राह्यल्या.”

भीती होती ती तिच्या पदराची. धानोऱ्याकडच्या या आश्रमशाळेत नीलाबाई कित्येक वर्षं स्वयंपाक करत होती, पण तिच्या चेहऱ्याची डावी बाजू कोणी पाहिली नव्हती. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना अस्वल अंगावर आलं, तेव्हापासून त्या गालावरचा पदर हलला नाही. पोरांनी मग आपापसांत ठरवूनच टाकलं. पदरामागे अस्वलाचं नख अजून रुतलेलं आहे, गालाच्या भोकातून दात दिसतात, ती बाजू वेगळ्याच आवाजात बोलते. नीलाबाईला याचं हसूच यायचं. पण गेल्या आठवड्यात वाऱ्याने पदर उडाला, समोर तिसरीतली रीना होती, आणि त्याच संध्याकाळी रीना तापाने फणफणली. या भागात मलेरिया काही कोणाचं तोंड पाहून येत नाही. वसतिगृहात मात्र निकाल लागला की जो ती बाजू पाहील त्याचं काही खरं नाही. काल मुलींनी ताटाला हातही लावला नाही.

हे काम गेलं तर पुन्हा मोहाच्या झाडांखाली फुलं वेचायला जाणं आलं.

ती तांदूळ निवडायला शेजारच्या वर्गाच्या खिडकीखाली बसली. आत संघप्रिया मॅडम विज्ञान शिकवत होत्या.

“चंद्राची आपल्याला एकच बाजू दिसते. मागच्या बाजूला काय असेल?”

“भुतं!”

“उडत्या तबकड्यायचा अड्डा हाय मॅडम. मोबाईलवर पाह्यलं मी.”

“तिथी कधी ऊनच पडत नाई.”

“आन् जो पाहन, तो मरन,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आणि वर्गात दबकी खसखस पिकली. ते हसू चंद्राला नव्हतं, हे नीलाबाईला बरोबर कळलं.

मॅडमना कळलं नाही. त्या नव्या होत्या. “ऊन तिथेही पडतं, या बाजूइतकंच. आपल्याला इथून दिसत नाही, एवढंच. यानांनी मागून फिरून फोटो काढलेत. हा बघा.”

नीलाबाईने उठून खिडकीतून डोकावलं. वर्गातल्या टीव्हीवर एक करडा गोळा होता, खड्ड्यांनी भरलेला. आपल्याला दिसणाऱ्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त खड्डे.

“हे कायचे खड्डे, मॅडम?”

“दगड आदळले. फार जुनी गोष्ट आहे.”

“बस, इतलंच?” तबकडीवाला पोरगा हिरमुसला.

नीलाबाईला आपलाच राग आला. इतकी वर्षं पदर घट्ट धरून तिने या गोष्टींना खतपाणीच घातलं होतं. पण चंद्राचं काय जातं? त्याला कुठे कोणाच्या ताटात वरण वाढायचं असतं?

जेवणाची घंटा झाली. मुलींची पंगत बसली. अधीक्षक दाराशी येऊन उभे राहिले. पहिल्याच मुलीने ताट मागे ओढलं.

नीलाबाईने वरणाची बादली खाली ठेवली. तिने पदर मागे टाकला.

कोणीतरी किंचाळलं. एक लहानगी उठून बाहेर पळाली. अधीक्षकांनी नजर खाली वळवली.

“पाहा,” नीलाबाई म्हणाली. “अस्वलानं फाडलं. नखबिख काई नाई. डाक्टरनं शिवता आलं तेवढं शिवलं. ज्याले पाहाचं हाय त्यानं पाहून घ्या, मंग जेवा.”

कोणी हललं नाही. ती तशीच उभी राहिली. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं.

मग रीना ताट घेऊन उठली. आजारपणाने तिचं तोंड अजून उतरलेलंच होतं. नीलाबाईच्या मागून वळसा घालून ती डाव्या बाजूला आली आणि टाचा उंचावून तिने तो गाल नीट पाहिला.

“मले ताप याच्यानं नोता आला ना?”

“नाई वं माय. डास चावला तुले.”

रीनाने ताट पुढे केलं. त्या बाजूला नीलाबाईला डोळाच नव्हता. ताट दिसावं म्हणून तिला अख्खा चेहरा पोरीकडे वळवावा लागला. तिने तो वळवला आणि वरण वाढलं.