सासूबाई, जरा बाहेर

“तुम्ही जरा बाहेर थांबा,” असं म्हणून धाकट्या सिस्टरने खरंच दार उघडून धरलं.

मोठ्या सिस्टर सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हात तिथेच थांबला.

“कोण? मी?”

“सोबत कोण हवं, ते तिला एकटीला विचारायचंय. नातेवाईक बाहेर.”

“अगं, हा नियम केला कुणी?”

“तुम्हीच.”

या प्रसूती विभागात त्यांची उभी हयात गेली होती. बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिचं एक माणूस राहू द्यायचं आणि ते तिनेच निवडायचं, एवढं मान्य करून घ्यायला त्यांनी मोठ्या डॉक्टरांशी किती वाद घातले होते. विचारताना सासू खोलीत नको, हेही त्यांचंच म्हणणं. सासूदेखत ‘सासू नको’ म्हणायची कुठल्या सुनेची छाती आहे? पण आज त्या रजेवर होत्या, घरच्या कपड्यांत, म्हणजे निव्वळ सासू. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

बाहेर बाकावर लेक नखं कुरतडत बसला होता.

“काय झालं?”

“काही नाही रे. मलाच बोलावतील आता. तिची आई उद्याशिवाय पोचत नाही आणि तू तर सुई बघून आडवा होणारा.”

त्या मुद्दाम दाराला खेटून बसल्या. इतक्या बाळांचं पहिलं रडणं ऐकलं, पण याच लेकाचं तेवढं राहून गेलं होतं. त्याच्या वेळी भूल दिलेली, शुद्धीवर आल्या तेव्हा स्वारी दूध पिऊन गाढ झोपलेली. ती रुखरुख त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. नातवंडाचं पहिलं रडणं मात्र आपण ऐकायचंच, हे सुनेला दिवस राहिल्यापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दार उघडलं. मोठ्या सिस्टर लगबगीने उठल्या.

“तुम्ही नाही,” धाकटी हळूच म्हणाली. “यांना बोलावलंय.”

लेकाने आधी भिंत धरली. मोठ्या सिस्टरांनी त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

“जा. फक्त तिच्या तोंडाकडे बघ, इकडेतिकडे बघू नकोस. काही होत नाही तुला.”

तो आत गेला. धाकटी तिथेच घुटमळली.

“रागावलात?”

“छे! रागवायचंय काय त्यात?” पण मग त्यांना राहवेना. “मी काय गं वाईट केलं तिचं?”

“काहीच नाही. तिनेच सांगायला सांगितलंय. म्हणाली, आई फार जीव लावतात, पण त्यांच्यादेखत ओरडायची मला लाज वाटते. सकाळपासून ओठ चावून कळा सोसतेय. तुम्ही बाहेर आलात तरी तेच. म्हणते, त्या दारापाशीच असतील, त्यांना ऐकू जाईल.”

मोठ्या सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. पातळ फळीचं दार. आत चमचा पडला तरी बाहेर कळायचं. पोरीने मात्र सकाळपासून हूं की चूं केलं नव्हतं आणि आपण कौतुकाने म्हणत होतो, किती सोशिक!

त्यांनी पिशवी उचलली.

“तिला सांग, मी खाली केसपेपरच्या खिडकीपाशी जाऊन बसतेय. इथलं काही म्हणजे काही तिथे ऐकू येत नाही. म्हणावं, आता छप्पर उडव.”

“अहो, पण बाळ रडेल तेव्हा...”

“रडू दे की. घरी आलं की रात्र रात्र रडणारच आहे मेलं.”

त्या हसल्या खऱ्या, पण डोळे भरून आले होते. ते धाकटीला दिसू नये म्हणून त्या भराभर जिन्याकडे वळल्या.

जिना अर्धा उतरल्या असतील नसतील, तोच वरून आरोळी आली. घरात जिचा कधी वरचा सूर लागला नव्हता, त्या सुनेची. सगळा जिना दणाणला. मोठ्या सिस्टरांचे पाय आपोआप मागे फिरले. त्यांनी कठडा घट्ट धरला.

“शाब्बास गं माझी वाघीण,” त्या पुटपुटल्या आणि उरलेला जिना उतरून गेल्या.