रोजच्या आंघोळीने गंजलेली ब्रेकडिस्क

मित्रांनो, मी एक जुनी ब्रेकडिस्क आहे. परदेशी मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातली बिडाची चकती. १९७८ साली आमची गाडी चिंचवडच्या एका कंपनीच्या साहेबांकडे आली. तेव्हा इथल्या बहुतेक मोटारींना ड्रमचे, म्हणजे बंद डब्यातले ब्रेक असत, म्हणून माझं कौतुक होईल असं मला वाटलं होतं. कौतुक झालं ते माझ्यापुढच्या चाकाच्या झाकणाचं. गाडी थांबवायची मी आणि मिरवायचं त्याने. तुम्हीच सांगा, पोटात दुखणार नाही?

ड्रायव्हर मारुतराव मोशीच्या शेतकरी घरातले. पोट त्यांचंही दुखतच होतं. कंपनीची दुसरी गाडी किसन चालवायचा आणि साहेब एकदा म्हणाले होते, "किसनची गाडी आरशासारखी असते." झालं, तेव्हापासून मारुतराव आम्हाला सकाळ-संध्याकाळ आंघोळ घालू लागले. बैल धुवावा तशी गाडी धुवावी, एवढंच त्यांना ठाऊक.

खंडेनवमीला त्यांनी गाडीला झेंडूचे हार घातले. त्याच आठवड्यात साहेब तीन महिने परदेशी गेले आणि गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, अशी ताकीद देऊन गेले. गाडी जागची हलली नाही, आंघोळ मात्र एकदाही चुकली नाही. नळ माझ्याच बाजूला होता. झाकणाला कोरडं फडकं मिळे. माझ्यापर्यंत ते पोचतच नसे. माझ्या अंगावर तांबूस थर चढला, मग खड्डे पडले. मागच्या चाकातला ड्रम आपल्या घरात दार लावून बसलेला. मी त्याच्यावरही जळू लागले.

साहेब परतले. त्याच दिवशी पिंपरीला शिफ्ट सुटताना सायकलींचा लोंढा आडवा आला. मारुतरावांनी ब्रेक दाबला. माझ्या खडबडीत अंगावर मला दाबून धरणारं पॅड करकरलं, गाडी एका बाजूला खेचली गेली आणि एक सायकलवाला वीतभर अंतराने वाचला.

घरी पोचताच साहेब गाडीतून उतरले. मग म्हणाले, "ब्रेक नीट करून आणा. त्यानंतर किल्ली किसनकडे द्या. तुम्ही स्टोअरमध्ये बसा." बारा वर्षांची नोकरी मारुतरावांची. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आकुर्डीच्या ज्योतीराम मिस्त्रीने मला बाहेर काढलं. "मारुतराव, पाणी किती घालता?"

"रोज दोन येळा. त्यात वाईट काय हाय?"

"धुतल्यावर गाडी चालवता का?"

"साहेब नव्हते, तर कुठं चालवनार?"

"मग ही ओलीच राहते. बिडाला गंज चढतो. गंजावर ब्रेक दाबला की पॅड झिजतं आणि हीसुद्धा झिजते. धुतल्यावर दोन फेऱ्या मारायच्या, हलका ब्रेक दाबत. आपोआप वाळते."

माझ्या जागी भोसरीत ओतलेली नवी चकती बसली. मारुतरावांनी मला पोत्यात घातलं आणि गाडी बंगल्यावर नेऊन किल्ली किसनला दिली. किसनने लगेच नळी घेऊन गाडी धुवायला सुरुवात केली. मारुतराव गप्प निघून गेले असते, तर साहेबांच्या पुढच्या परदेशवारीनंतर किसनचीही किल्ली गेली असती. हे त्यांना कळत होतं, मलाही. मी मनात म्हणत होते, बोलू नका हो, गंजू द्या त्या नव्या चकतीला.

मारुतराव फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. मग त्यांनी मला पोत्यातून काढलं.

"किसन, हे बघ. माझ्या हातानं खराब झालं. धुतल्यावर फाटकापत्तूर दोन फेऱ्या मारत जा, हलका ब्रेक दाबत. न्हाईतर तुझंबी असंच व्हईल."

किसनने माझ्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. नळ बंद केला आणि किल्ली मारुतरावांपुढे धरली. "पहिली फेरी तुम्ही दाखवा, मारुतराव."

मित्रांनो, एखाद्या वस्तूची काळजी घ्यायची, तर तिला काय हवं ते आधी विचारा. मला चालायला हवं होतं, एवढंच. मी पायरीवर पडून बघत होते. नवी चकती माझ्या जागी फिरत होती. खोटं कशाला बोलू, हेवा पूर्वीइतकाच वाटला. पण फाटकाशी मारुतरावांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ थांबली.