पाठ लागली की नाही

बाबाजीची सगळी उमेदीची वर्षं खाणीच्या ट्रकावर गेली, पण डिचोलीत त्याला ड्रायव्हर कोणी म्हणत नसे. लोक त्याला पंच म्हणत. तरुणपणी तो सिंधुदुर्गातून कामाला आला तो येताना कुस्ती घेऊनच आला. लढायचं वय गेलं तेव्हा पंच झाला. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठल्याही जत्रेत कुस्त्या लागल्या की पंच बाबाजीच. गडी मातीत लोळू लागले की हा सरळ पालथा पडायचा, गाल जमिनीला टेकवायचा आणि खालच्याची पाठ बघायचा. दोन्ही खांदे मातीला लागले की शिट्टी. एकदा त्याने सख्ख्या मेव्हण्यालाच चितपट ठरवलं. मेव्हणा म्हणाला, बोटभर जागा होती. बाबाजी म्हणाला, "माका दिसली म्हंजे लागली." त्यानंतर सासरवाडीत त्याला बरेच दिवस कोणी चहासुद्धा विचारला नाही, आणि पद्मावती, म्हणजे त्याची बायको, ती गोष्ट निघाली की अजून भांडी आपटते.

अशा माणसाची हर्षा ही एकुलती एक मुलगी. आणि ती शिकली काय, तर लाथा मारायला.

सुरुवात खरं तर मातीतच झाली होती. अंगणात रेतीचा ढीग होता, त्यात बाप-लेक रोज संध्याकाळी लोळायची. पाठ लागायला आली की मान कशी रोवायची, कंबर कशी उचलायची, हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं. आणि पाठ लागलीच, तर हसत उठायचं, हात मिळवायचा, रेती झटकायची आणि जेवायला जायचं. मग ती मोठी होऊ लागली तशी पद्मावतीने रेती बंद केली. शाळेतला कराटेचा वर्ग तिला सभ्य वाटला, कारण तिथे मुली पांढरेशुभ्र कपडे घालून ओळीत उभ्या राहायच्या. आईची समजूत किती चुकीची होती हे हर्षाने लवकरच दाखवून दिलं. कराटेतून ती किकबॉक्सिंगला गेली आणि तिथून मांद्र्याला, गुरुदासच्या क्लासात.

गुरुदासच्या घरचं गेस्टहाऊस. तिथे उतरलेल्या एका परदेशी पाहुण्याकडून तो ही नवी विद्या शिकला आणि माडांच्या बागेत पत्र्याची शेड घालून शिकवू लागला. या खेळात ठोसा चालतो, लाथ चालते, धरणं चालतं, आपटणं चालतं, आणि आपटल्यावरही खेळ चालूच राहतो. हर्षा तिथे स्कूटर दामटत जायची. तिची उजवी लाथ पिशवीवर बसली की शेड दणाणायची, आणि तिला असा आनंद व्हायचा की घरी परतताना ती एकटीच गाणी म्हणायची.

बाबाजीला हे मुळीच पटलं नव्हतं. "मारूक कोणाकय येता," तो म्हणायचा, "धरूक येवक व्हया." शिवाय या खेळात पडलेल्याला मारतात, हे त्याच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. कुस्तीत पडलेल्याला हात देऊन उठवतात. पडलेल्यावर चढून बसतात ते खेळाडू नव्हेत, सावकार, असं त्याचं मत होतं.

त्यात बेळगावचं ते प्रकरण झालं.

बेळगावात हर्षाची गाठ कोल्हापूरकडच्या प्राजक्ताशी पडली. प्राजक्ता अस्सल धरणारी. तिने पहिल्याच झटक्यात हर्षाची कंबर धरली आणि तिला सपाट पाठीवर टाकली. आणि पाठ लागताक्षणी हर्षा थांबली. लढत संपली असं तिच्या अंगानेच परस्पर ठरवून टाकलं. ती हसली, आणि तिने हात मिळवायला हात पुढे केला. प्राजक्ताला वाटलं असेल, देव भेटला. तिने तो हात धरला, दोन्ही पायांत घेतला आणि असा ताणला की हर्षाला दुसऱ्या हाताने मॅट थापटून शरण जावं लागलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तेव्हापासून डिचोलीत तिचं नाव 'शेकहँड' पडलं. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा आधी हात पुढे करायचा आणि मग पाव द्यायचा. ती हसायची, आणि आत जाऊन उशीला ठोसे मारायची.

गंमत म्हणजे अख्ख्या गावात एकट्या बाबाजीला तिचं बरोबर वाटलं. पाठ लागली, हात दिला, हीच रीत. बिनसंस्काराची ती दुसरी.

आता तीच प्राजक्ता म्हापशाला हर्षाशी लढायला येणार होती. हर्षा क्लासातून आली ती उडतच. त्या आनंदात तिने बापाला पुन्हा एकदा विचारलं, तुम्ही येणार का? आजवर तो एकाही लढतीला आला नव्हता. बाबाजी सुपारी कातरत होता. त्याने अडकित्ता खाली ठेवला.

"येतंय," तो म्हणाला. "पण माझ्या डोळ्यांसमोर तुझी पाठ लागली, तर ह्यो खेळ थंयच सोडूचो. कबूल?"

"कबूल," हर्षा म्हणाली. बाप येतो म्हणाला, एवढंच तिला ऐकू आलं होतं. बाकीचं तिला अंथरुणावर पडल्यावर कळलं. या घरात शब्द दिला की दिला. मेव्हण्याला विचारा.

गुरुदासला हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. अर्धा खेळ पाठीवर असतो गं बये, आणि तू पाठच लावून आलीस पैजेला? त्याने तिला पाठीवरून लढायला परोपरीने शिकवलं होतं, पण पाठ टेकली की तिचं अंग मिठात ठेवलेल्या काकडीसारखं सुटायचं. शेवटी त्याने नाद सोडला. आता एकच मंत्र. धरू द्यायचं नाही. लांबून मार, मारून सरक, सरकून मार.

लढतीच्या दिवशी म्हापशाचा हॉल गच्च भरला होता. शुक्रवार असल्यामुळे बाजाराला आलेली माणसं पिशव्यांसकट आत घुसली होती. मिरच्या, नारळ आणि सुक्या बांगड्यांचा वास हॉलभर पसरला होता. डिचोलीहून टेम्पो भरून पोरं आली आणि 'शेकहँड, शेकहँड' असा गजर करू लागली. पहिल्या रांगेत, मॅटभोवतीच्या जाळीला लागून, इस्त्रीचा सदरा घालून बाबाजी बसला होता, आणि त्याच्या बाजूला त्याचा जुना जोडीदार अनंत. हर्षाने जाळीच्या आत पाऊल टाकलं आणि आधी बापाकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो मॅट बघत होता, ती किती मऊ आहे ते.

घंटा झाली. प्राजक्ता वाकून आली, दोन्ही हात पुढे, नजर कमरेवर. हर्षाने डावा ठोसा तिच्या कपाळावर ठेवला आणि बाजूला सरकली. पुन्हा आली, पुन्हा ठोसा. मग तिसऱ्यांदा हर्षाने उजवी लाथ मांडीवर अशी हाणली की तो आवाज वरच्या गॅलरीपर्यंत गेला. टेम्पोतली पोरं गजर विसरून उभी राहिली. हर्षाच्या अंगात वारं शिरलं. तिला वाटलं, ही मला शिवूसुद्धा शकत नाही. मार, सरक, मार, सरक. पहिली फेरी संपली तेव्हा प्राजक्ताची मांडी लाल झाली होती आणि गुरुदास हर्षाला पाण्याची बाटली देताना तिच्यापेक्षा जास्त धापा टाकत होता.

माणसाला चढायला लागली की सावध राहावं, असं म्हणतात ते उगाच नाही. दुसऱ्या फेरीत हर्षाला मांडी पुरेना. तिने लाथ वर, बरगडीवर घातली. प्राजक्ता तेवढ्याचसाठी थांबली होती. तिने लाथ सोसली आणि पाय काखेत दाबला. हर्षा एका पायावर नाचू लागली. ठोसे मारले, ते हवेत गेले. प्राजक्ताने तिचा दुसरा पाय झाडला.

धप्प आवाज आला. दोन्ही खांदे, सगळी पाठ, सपाट. बोटभरसुद्धा जागा नव्हती.

हर्षाने मान वळवली. जाळीच्या पलीकडे तिचा बाप खुर्चीवर नव्हताच. इस्त्रीच्या सदऱ्यानिशी तो फरशीवर पालथा पडला होता, गाल जमिनीला टेकवून. जत्रेत पडायचा तसाच. बाप-लेकीची नजर एका पातळीत आली. त्याने बघितलं होतं. सगळं बघितलं होतं.

संपलं, हर्षाला वाटलं. मांद्र्याची शेड, स्कूटरवरची गाणी, सगळं संपलं. प्राजक्ता छातीवर चढून बसली होती. आणि हर्षाचा उजवा हात, तो मेला हात, आपल्या लहानपणच्या सवयीने हळूच मॅटवरून उचलला जाऊन पुढे निघाला. प्राजक्ताचे डोळे चमकले. डिचोलीच्या पोरांनी तोंडावर हात घेतले.

"हात आत घे!"

हॉलमध्ये एवढा गोंगाट, पण तो आवाज हर्षाला स्वच्छ ऐकू आला. खाणीवर ट्रकाच्या घरघरीवरून हाका मारलेला आवाज होता तो.

"हात आत घे, चेडवा! मान रोव! मान रोव आनि कंबर उचल!"

तिच्या अंगाने विचार केलाच नाही. हात आत आला. मान रोवली गेली, टाचा मॅटमध्ये रुतल्या आणि कंबर उसळली, अंगणातल्या रेतीत उसळायची तशी. प्राजक्ताला याची अपेक्षाच नव्हती. लाथा मारणारी मुलगी मान रोवते हे तिने कुठे बघितलं असणार? ती पुढे कोलमडली, हर्षाने तिला कुशीवर लोळवलं आणि सापडलेल्या फटीतून सुटून उभी राहिली. हॉलचं छप्पर उडायचंच काय ते बाकी होतं. प्राजक्ताही उठली, पण तिची ती लाल मांडी लटपटली, आणि हात सवयीने पुन्हा कमरेकडे खाली आले. हर्षाची उजवी लाथ तोवर निघालेली होती. ती बरगडीखाली, नेमकी मऊ जागी बसली. प्राजक्ता गुडघ्यावर आली, पोट धरून बसली, आणि रेफरीने मध्ये पडून लढत हर्षाला दिली.

हर्षाने काय केलं? उड्या मारल्या नाहीत. तिने हात पुढे केला. या वेळी प्राजक्ताने तो धरला, त्याच्या आधाराने उठली आणि हसली. टेम्पोतल्या पोरांनी 'शेकहँड' म्हणून असा काही गजर केला की त्या नावाचा अर्थच बदलून गेला.

मागच्या खोलीत गुरुदास नाचत होता. हर्षा बाकावर बसली होती. तिचं मन मात्र नाचेना. बाबाजी आत आला. सदऱ्यावर फरशीची धूळ, एका गालावर काळा डाग. त्याच्या मागून अनंत. हर्षा उभी राहिली. न सांगता चालून गेलं असतं, कुणी विचारलंही नसतं. पण ती त्याचीच मुलगी.

"बाबा," ती म्हणाली, "पाठ लागली."

गुरुदास नाचायचा थांबला. अनंत खाकरला आणि म्हणाला, लागली तर खरीच, चांगली सपाट लागली, आंधळ्यालाही दिसेल अशी. बाबाजीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की अनंतने पुढचं वाक्य गिळलं.

मग बाबाजीने खिशातून रुमाल काढला. आपला गाल पुसायचा सोडून लेकीच्या कपाळावरचा घाम पुसू लागला. कितीतरी जत्रांत, मेव्हण्यासमोर, सरपंचासमोर, दारू प्यायलेल्या गर्दीसमोर जी जीभ कधी अडखळली नाही, ती आता अडखळली.

"माका दिसली नाय," तो म्हणाला. "म्हंजे लागली नाय."