झाकलेला नववा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. अंगावर लॅमिनेशन आहे म्हणून टिकलो, नाहीतर केव्हाच रद्दीत गेलो असतो. माझ्यावर नऊ प्रश्न आहेत. झोप कितीदा उडते, भूक कितीदा मरते, असे साधेच. नववा तेवढा कडू: ‘मरून जावंसं वाटतं का?’

अमरावतीला शाळांतल्या समुपदेशकांचं प्रशिक्षण होतं, त्यासाठी मला छापलं. तिथे एक जण उदास मूल व्हायचा आणि दुसरा मला हातात धरून प्रश्न विचारायचा. अकोटच्या एका शाळेतल्या गीतांजली मॅडमचा आवाज नवव्यापाशी आला की बसायचा. शिकवणाऱ्या नीलमताईंनी त्यांच्याकडून तो अकरा वेळा म्हणवून घेतला.

"इचारल्यानं पोरगं मरत नाही, मॅडम. पोरगं हो म्हनलं तर त्याले एकटं सोडायचं नाही. घरच्यायले बोलवायचं, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं."

बाराव्या वेळी मॅडमनी मान वर करून विचारलं. टाळ्या पडल्या. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

मॅडम मला अकोटला घेऊन आल्या. तिथे त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक महादेवराव यांनी मला वाचलं आणि ते भडकले. "पोरायच्या डोक्यात हे कावून भरवता? शाळेचं नाव खराब होईन. झाका ते!"

मॅडमची नोकरी कंत्राटी. पाच दिवसांचं शिक्षण पाच मिनिटांत पाण्यात गेलं. त्यांनी स्वतःच्या हातानं नवव्यावर खाकी चिकटपट्टी लावली.

मग नववीतली दीपमाला समोर बसली. महिनाभर डबा खात नव्हती, म्हणून वर्गशिक्षकांनी तिला पाठवलं होतं. आठही प्रश्नांना तिनं एकच उत्तर दिलं, "रोज." मग पट्टीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे कावून झाकलं?"

"काही नाही बेटा. छपाईची चूक हाये."

"अजून काही इचारायचं नाही?"

"नाही, झालं. अभ्यासात मन लाव, बरं वाटन."

ती ओढणी सावरून गेली. तीन दिवसांनी तिनं जीव दिला.

तिचे वडील शेषराव दप्तर न्यायला आले. "माह्या पोरीले कोनी काही इचारलं होतं काय?"

महादेवरावांनी मला पुढे सरकवलं. "सारं इचारलं, शेषराव. हा कागद पाहा. तिनंच सांगतलं नाही."

शेषराव एकेक ओळ बोटानं वाचत पट्टीपर्यंत आले, आणि मॅडमनी मला ओढून घेतलं. मेल्या पोरीवर दोघांनी खोटा आळ घेतला, आणि त्याला पुरावा मी. गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी नोंदी चोख ठेवल्याबद्दल मॅडमची पाठ थोपटली.

मित्रांनो, पट्टी अजून तशीच आहे. मला हात असते तर ती मीच ओरबाडून काढली असती. तुमचा कोणी सोबती गप्प गप्प झाला असेल, तर माझ्यासारख्या कागदाची वाट पाहू नका. त्याला सरळ विचारा, त्याचं ऐका, त्याला मोठ्या माणसाकडे घेऊन जा. त्या मोठ्या माणसानं झाकाझाक केली, तर दुसऱ्याकडे जा. पण लवकर करा. मॅडमनी उद्या अकरा वाजता आठवीतल्या गोपालला बोलावलं आहे.